वेळ संपली म्हणे!

"वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा," टॅबलेट म्हणाला आणि पडद्यावरचं वर्तुळ लालबुंद झालं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली डोंबलाची वेळ संपली! चिमणीने शब्द उच्चारायला आत्ता कुठे ओठ मिटले होते. तिला तो शब्द येत होता, पुढचाही येत होता; फक्त तोंडाबाहेर पडायला त्याला जरा उशीर व्हायचा. तिसरीच्या वर्गात हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिमणी अडखळली की पोरं वाट बघायची, शब्द आला की पुढे ऐकायची, विषय संपला. ह्या दीडशहाण्या यंत्राला मात्र तेवढा धीर नव्हता. जरा शांतता झाली की त्याने ठरवून टाकायचं, हिला वाचता येत नाही.

बाईंचं यंत्रांशी वाकडं होतं असं मुळीच समजू नका. शाळेतला पहिला प्रोजेक्टर त्यांनीच शिपायाच्या मागे लागून भिंतीवर बसवून घेतला होता. मुलांचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून त्यांना परत ऐकवायची युक्तीही त्यांचीच. आपलाच आवाज ऐकून पोरं आधी खिदळायची आणि मग आपल्या चुका आपणच पकडायची. पण यंदा शाळेने हे वाचनाचं ॲप आणलं आणि बाईंना बाजूला बसवलं. मूल वाचणार, ॲप ऐकणार, ॲपच गुण देणार. बाईंनी शेवटी 'निकाल पाठवा' हे बटण तेवढं दाबायचं. शिक्षकांनी स्वतः गुण द्यायची सोय त्यात होती, पण तिच्यावर कुलपाचं चित्र दिसायचं. "ते वरून बंद केलंय," मुख्याध्यापकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

आता ज्यांचं वर्तुळ लाल, त्यांनी पुढच्या वर्षी चौथीत जायचं नाही. तळमजल्यावर 'पायाभरणी' नावाचा वेगळा वर्ग निघणार होता, तिथे बसून अक्षरं गिरवायची. चिमणी अक्षरं गिरवणार! जिने वर्गातली गोष्टींच्या पुस्तकांची पेटी वाचून फस्त केली होती, ती!

"एवढं काय मनाला लावून घेता?" मधल्या सुट्टीत चौथीच्या मॅडम डबा उघडता उघडता म्हणाल्या. "तिच्या नावावर दुसऱ्या एखाद्या पोरीला वाचायला लावा. यंत्राला काय कळतंय? आम्ही सगळे तेच करतो."

"सगळे?"

"मग काय! माझा अख्खा वर्ग हिरवागार आहे."

"छान! म्हणजे पोरीने वर्षभर स्वतः वाचायचं आणि परीक्षेला आवाज उसना आणायचा?" बाई म्हणाल्या. "ते मला जमायचं नाही."

"तुम्ही म्हणजे ना, अगदी हट्टी आहात," मॅडम म्हणाल्या, पण डबा त्यांनी पुढे सरकवला. बाईंनी त्यातला एक घास घेतला आणि उठल्या.

शाळा सुटल्यावर चिमणीचे वडील फाटकाशी उभे होते. बस चालवायचे ते. गणवेशातच आले होते. लेकीला जरा लांब उभं करून ते बाईंजवळ आले.

"बाई, ज-जाऊ द्या. तुम्हाला उगीच त-त्रास नको. बसेल ती खाली."

"तुम्हीसुद्धा?" बाई म्हणाल्या. म्हणजे तुम्हीसुद्धा हार मानता का, असं त्यांना विचारायचं होतं. वडिलांनी वेगळंच ऐकलं.

"हो, मी पण असाच. म-माझे गुरुजी माझी पाळी आली की पुढच्याला उठवायचे. वेळ जातो म्हणायचे." ते ओशाळं हसले. "मग मी वर्गात त-तोंडच उघडलं नाही. शाळा सुटली ती सुटलीच."

पलीकडे चिमणी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत उभी होती. अजून ती बोलत होती, हसत होती, भांडतसुद्धा होती. अजून.

"दादा, ती खाली बसणार नाही," त्या म्हणाल्या आणि तशाच माघारी वळून मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"सर, ते कुलूप उघडा. चिमणीला गुण मी देणार."

"अहो बाई, तुम्हाला किती वेळा सांगायचं? वरून बंद आहे."

"मग उद्या वर्गात या आणि तिचं वाचन स्वतःच्या कानांनी ऐका. तोवर माझ्या वर्गाचा निकाल जाणार नाही. बटण मी दाबणारच नाही."

"तुमच्या एका वर्गामुळे अख्ख्या शाळेचा निकाल अडेल!"

"अडू दे."

सरांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. वरच्यांना घाबरून घाबरून मऊ पडला होता, इतकंच. "बाई, पुढच्या वर्षी हा वर्ग तुमच्याकडून काढून घ्यावा लागेल मला. मग म्हणू नका."

"काढा. पण आधी ऐका."

दुसऱ्या दिवशी सर आले. सोबत ॲप शिकवायला कंपनीने पाठवलेली तरुण प्रशिक्षिकाही आली, कारण सरांना एकटं यायचं नव्हतं. पोरं चिडीचूप. चिमणी पुस्तक हातात घेऊन टॅबलेटसमोर उभी राहिली. धडा नवाच होता, पुलावर ठाण मांडून बसलेल्या एका म्हशीचा.

"प-पुलाच्या मधोमध एक म-म..."

वर्गाने वाट पाहिली. यंत्राने पाहिली नाही. "वेळ संपली. पुन्हा प्रयत्न करा." वर्तुळ लाल.

"म्हैस बसली होती," चिमणी म्हणाली आणि थेट पुढच्या ओळीवर गेली. यंत्र मध्येमध्ये तेच तुणतुणं वाजवत राहिलं, पण आज ती काही थांबेना. गाडीवाला भोंगा वाजवतो तिथे तिने स्वतःच भोंगा वाजवून दाखवला, तशी मागची पोरं फिस्सकन हसली. सरांच्या ओठांचा कोपराही हलला.

"ऐकलंत?" बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "ह्याला वाचता येत नाही म्हणतात का?"

सर प्रशिक्षिकेकडे वळले. "खरं आहे हो. पण आमचा नाइलाज आहे. तुमच्या वरिष्ठांनी ते कुलूप..."

"आमच्या?" ती गोंधळली. "नाही सर. कुलूप शाळेच्याच हातात असतं. मुख्याध्यापकांच्या खात्यात, पहिल्या पानावर. तुम्ही कधी उघडून बघितलं नाहीत?"

सरांचा चेहरा पडला. वर्षभर ते वर बोट दाखवत होते, आणि वर कुणी नव्हतंच! अख्ख्या शाळेने ते मुकाट्याने मान्यही केलं होतं. बाईंच्या जिभेवर चांगलं खरमरीत उत्तर आलं होतं, पण चिमणी वाचत होती म्हणून त्यांनी ते आवरलं.

सर घाईघाईने पुढे झाले. त्यांनी टॅबलेट उचलला, त्यावर आपलं खातं उघडलं आणि प्रशिक्षिकेने दाखवलं तिथे बोट टेकवलं. कुलूप गेलं. मग चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवत ते अगदी मायेने म्हणाले, "शाब्बास बाळ! झालं तुझं काम, तू चौथीत. आता पुरे कर हं, दमली असशील. बस खाली."

चिमणी बसली नाही. तिने एकदा सरांच्या हाताकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे.

"थ-थ-थ..." वर्ग थांबला. बाई थांबल्या. प्रशिक्षिकाही श्वास रोखून उभी राहिली. सरांनी तिच्या मदतीला म्हणून तोंड उघडलं, पण बाईंनी डोळ्यांनीच त्यांना दटावलं आणि ते मिटलं.

"थांबा सर," चिमणी म्हणाली. "माझं अ-अजून वाचून झालं नाही."

आणि सरांचा हात डोक्यावरून दूर होईपर्यंत ती गप्प उभी राहिली. मग बोट ओळीवर ठेवून तिने धडा पुढे वाचायला घेतला. सर टॅबलेट छातीशी धरून शेवटच्या ओळीपर्यंत उभे होते.