सतरा खडे आणि एक माशी

आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन पांढऱ्या वाट्या असतात. एकीत आमचे हे घड्याळांतले माणकाचे बारीक खडे विसळतात, दुसरीत माझ्या अळ्या राहतात. गोंधळ व्हायचा नाही, असं आम्ही दोघंही छातीठोकपणे सांगायचो.

अळ्या कॅडिसमाशीच्या. पाण्याच्या तळाशी राहतात, तोंडातून रेशीम काढतात आणि मिळेल ती वाळू चिकटवून अंगाभोवती घर बांधतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण दोन वर्षांत माझी एकही अळी माशी होईपर्यंत टिकली नव्हती.

सोमवारी ह्यांनी सासऱ्यांच्या घड्याळाचे सतरा खडे चुकून माझ्या वाटीत टाकले. सासरे स्वतः घड्याळजी, भरबाजारात दुकान. मुलाला त्यांनी ते घड्याळ तीस वर्षांत पहिल्यांदाच साफ करायला दिलं होतं. बुधवारी पाहतो तर अळ्या घरांना माणकं जडवून नटूनथटून बसलेल्या. मला हसू आवरेना.

"हसतेस काय? आता बाबा दुकानाची किल्ली सोड, झाडूसुद्धा हातात देणार नाहीत."

मागून बोथट सुईने हळूच ढकललं की अळी घर सोडते. तसे आम्ही सोळा खडे सोडवले आणि बेघर बायांना नवी वाळू दिली. सतरावा मात्र एकीने दारालाच लावला होता, आणि दार आतून बंद. कोषात गेली होती. मी वाटीवर हात धरून उभी राहिले.

"हिला हात लावायचा नाही."

संध्याकाळी सासरे आले. ह्यांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. सासऱ्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि वाटीवर वाकले ते वाकलेच.

"खडा बसवलाय चोख. किती दिवस?"

"तीनेक आठवडे," मी म्हणाले.

"मग उद्या येतो बघायला."

ते रोज आले. बाविसाव्या दिवशी ती दार कुरतडून पाण्यावर आली, कात टाकली आणि उडून थेट सासऱ्यांच्या नाकावर बसली. मी चक्क नाचले. सासरे हलेनात, श्वासही घेईनात, आणि हे हसता हसता खुर्चीवरून घसरले.

रिकामं घर तळाशी होतं. ह्यांनी चिमटा पुढे केला.

"बाबा, तुम्ही काढा."

"तूच काढ. माझा हात कापतो आता. नाहीतर घड्याळ तुला कशाला दिलं असतं?"

ह्यांचं हसू थांबलं. खडा निघाला. सासऱ्यांनी दुकानाची किल्ली खिशातून काढली आणि पांढऱ्या वाटीत टाकली. माझ्या.