लक्ष्मणरावांच्या नावे आलेले निरोप

माझ्या पंख्याला सात पाती आहेत. प्रत्येक पात्याच्या कडेला धुळीचा जाड थर आहे आणि मध्याकडे तो पातळ होत जातो. धूळ काळसर, चिकट आहे, कारण खालच्या हॉलमधली तेलाची वाफ वर येते. पंखा शेवटचा पुसला त्याला सहा वर्षं झाली.

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. चाकणच्या एका छोट्या कारखान्याच्या माळ्यावर राहतो. इथल्या कुणीही ई-मेल पाठवला की तो आधी माझ्याकडे येतो आणि मी तो बाहेर पोचवतो.

पूर्वी लक्ष्मणराव मला सांभाळत. रोज दहा वाजता ते वर येत, पंखा पुसत आणि विचारत, "काय राव, गेली का सगळी पत्रं?" दसऱ्याला खालच्या प्रेस मशिनला झेंडूचा हार घातला जाई, तसाच मलाही.

मेलवर कंपनीचं नाव असतं, पण मला जायला आकड्यांतला पत्ता लागतो. नाव सांगितलं की पत्ता सांगणारी यंत्रं बाहेर असतात. दर वेळी त्यांना विचारायचं आणि मग निघायचं, असा नियम आहे. त्या काळी ती दुपारी अडखळत आणि माझ्याकडे मेल तुंबत. म्हणून लक्ष्मणरावांनी आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचा पत्ता माझ्यातच लिहून ठेवला. त्या कंपनीसाठी मी कुणाला विचारायचं नाही, सरळ जायचं. मेल भराभर पोचू लागले. मालक उद्धवरावांनी त्यांची पाठ थोपटली.

त्यांनी आणखी एक सोय केली. मेल पोचला नाही तर मी पाठवणाऱ्याला तसा निरोप देत असे, आणि इंग्रजीतला तो निरोप पाहून ऑफिसातले लोक घाबरत. तेव्हा असे सगळे निरोप लक्ष्मणरावांनी स्वतःच्या मेलबॉक्सकडे वळवून घेतले.

मग ते निवृत्त होऊन तळेगावला गेले. खोलीला कुलूप लागलं. दसऱ्याला कुणीतरी दार अर्धं उघडून हार टाकत असे, आणि तो वाळून माझ्यावरच राही.

माझ्या खोलीला लागून ऑफिस आहे. मधली भिंत प्लायवूडची आहे, त्यामुळे सगळं ऐकू येतं. गेल्या महिन्यात तिथे माल तपासणाऱ्या विजयश्री उद्धवरावांना म्हणाल्या, "दादा, सोमवारच्या रात्रपाळीतल्या ब्रेक लिव्हरना बारीक चिरा आहेत. लॉट मोठ्या गिऱ्हाइकाकडे गेलाय. तुम्ही फोन करून परत मागवा."

"आवं बाई, आपल्या तोंडानं कशाला सांगायचं? फुडचं काम हातचं जाईल. मेल टाका, त्ये बघतील."

विजयश्रींनी लिहिलं, हे लिव्हर गाड्यांना लावू नका. मी निघालो. पण त्या कंपनीचा पत्ता नुकताच बदलला होता. बाहेरच्या यंत्रांना नवा पत्ता माहीत होता. मी विचारलं असतं तर त्यांनी सांगितला असता. मला विचारायचं नव्हतं. जुन्या पत्त्यावर कुणी दार उघडलं नाही. मी परत आलो, थोड्या वेळाने पुन्हा गेलो. असे पाच दिवस गेले. शेवटी मी लक्ष्मणरावांना कळवलं, मेल पोचला नाही.

विजयश्रींनी दुसरा मेल पाठवला, मग तिसरा. मी प्रत्येकाचं कळवलं. तो मेलबॉक्स आता कुणी उघडत नव्हतं. तरी मी लिहीत राहिलो, कारण सांगायला मला दुसरं कुणी नव्हतं.

"उत्तर नाही आलं दादा. करा की फोन."

"गप हायत म्हंजी चालतंय त्यास्नी. उद्या बघू."

असे बरेच उद्या गेले. मग विजयश्रींनी ताथवड्याहून मंजुषाताईंना बोलावलं. त्या संगणक दुरुस्त करतात. कुलूप निघालं.

"अगं बाई! हा अजून चालू आहे?"

"चालू म्हंजी? दसऱ्याला हार घालतो की त्याला," दारातून उद्धवराव म्हणाले.

"काका, हारानं मेल जात नाहीत."

मंजुषाताईंनी कंपनीचं नाव बाहेरच्या यंत्राला विचारलं. एक आकडा आला. माझ्यात लिहिलेला आकडा वेगळा होता. त्यांनी दोन्ही कागदावर शेजारी शेजारी लिहिले. मग लक्ष्मणरावांचा मेलबॉक्स उघडला. माझे सगळे निरोप तिथे न वाचलेले पडून होते.

"तुमचा एकही मेल पोचलेला नाही," त्या म्हणाल्या.

विजयश्री खाली खोक्यावरच बसल्या. "म्हणजे तिकडे कुणालाच माहीत नाही? ते लिव्हर लावतायत?"

मंजुषाताईंनी जुन्या पत्त्याची ओळ पुसली. "आता जातील. परत पाठवा."

"मेल ते उद्या वाचतील, ताई. तिकडची गाड्यांची लाइन आज चालू आहे."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. ज्याच्यावर काम सोपवता, त्याचं म्हणणं कुठे जाऊन पडतं, ते अधूनमधून बघत जा. आणि उत्तर आलं नाही, तर तो होकार समजू नका.

उद्धवरावांनी खिशातून फोन काढला. नंबर लावून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"हॅलो, चाकणवरनं उद्धव बोलतोय. आमच्या ब्रेक लिव्हरना चिरा हायत. चूक आमची हाय. लाइन थांबवा, सगळा माल मी परत घेतो."