माहेरच्या नावाने

"कुत्र्यांसाठी?" कुसुमावतींचा मटार सोलणारा हात थांबला. "त्यांना कशाला हवी वेबसाइट? त्यांची ओळखपाळख होतेच की रोज गल्लीत."

"कुत्र्यांसाठी नाही गं आजी, कुत्रे पाळणाऱ्यांसाठी." रुचीने मांडीवरचा लॅपटॉप सरळ केला. "ते सोड. कॉम्पिटिशन एक्झामवाल्यांसाठी?"

"त्यांनी अभ्यास करायचा की गप्पा छाटायच्या?"

"मग खाण्याच्या शौकीन लोकांसाठी?"

"ते खाऊन झोपतील. तुझ्याकडे येतील कशाला?"

माणसांना एकमेकांशी जोडणारी स्वतःची साइट काढायची म्हणून ही नात इंदूरची नोकरी सोडून देवासला परतली होती. साइट जवळपास तयार होती. ती कोणासाठी, एवढंच ठरत नव्हतं. वडिलांनी, भैयासाहेबांनी, होळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर जमलं नाही तर मुकाट्याने पुन्हा नोकरी.

"सगळ्यांसाठीच काढ ना. भेदाभेद कशाला?"

"सगळे तर आधीच बड्या साइटवर बसलेत ना, आजी. माझ्याकडे कोण येणार? छोटासा कोना पकडायचा, जिथे दुसरं कोणीच नाहीये. बरं, तू सांग. तू कोणाला शोधशील?"

"माझं कोणी हरवलेलं नाही. लोकच मला शोधत येतात."

हे मात्र खरं होतं. कुसुमावतींची शाळा तिसरीतच सुटली. पण देवासच्या जुन्या मराठी घरांत त्यांना विचारल्याशिवाय लग्नाची बोलणी पुढे सरकत नसत, आणि त्यांच्या तोंडी लागायला भले भले घाबरत. मटाराची टोपली रिकामी होत आली, तशी त्यांनी शेंगांकडेच बघत विचारलं, "समजा, धारची एखादी बाई असेल. अंबू जगदाळे. तर सापडेल तुझ्या त्यात?"

"अंबू म्हणजे अंबिका? आता सरनेम काय?"

"मला काय ठाऊक? झाशीकडे दिली होती. मागून तिच्या माहेरच्यांनीही धार सोडलं."

"पण नाव तर अंबिकाच ना?"

"ते कसं राहील? लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितो. ते ताट बघायला मी झाशीला गेले नव्हते."

रुचीची बोटं थांबली. "म्हणजे तुझं पण बदललं?"

"मग? कुसुमावती म्हणून का जन्माला आले? सासूबाईंनी ठेवलं."

"माझंही बदललं," स्वयंपाकघराच्या दारातून रुचीची आई म्हणाली. डब्यातलं मीठ संपलंय, हे सांगावं तसं. "आईसाहेबांनी, म्हणजे तुझ्या आजीनेच, माधवी ठेवलं. त्याआधी मी रंजना होते."

रुची आईकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ती या बाईला मम्मी म्हणत होती आणि तिचं नावच तिला ठाऊक नव्हतं. मग ती उठून उभी राहिली. "मिळाला कोना! बायकांसाठी. सासरी जाऊन ज्यांच्या मैत्रिणी हरवल्या त्यांच्यासाठी. माहेरचं नाव टाकायचं, गाव टाकायचं, गल्ली टाकायची. पुरुषांना एंट्रीच नाही!"

"बायकांची माहेरची नावं चव्हाट्यावर मांडणार तू?" कुसुमावती कडाडल्या. पण 'नको' म्हणाल्या नाहीत, आणि त्या घरात यालाच परवानगी म्हणत.

साइट सुरू झाली. पहिली नोंद आजीची घ्यायची असं रुचीने ठरवलं होतं. कुसुमावती ताठ बसल्या. "लिही. कुसुमावतीबाई मोहिते, थोरली पाती, देवास." एके काळी देवासात दोन गाद्या होत्या, आपलं सासर थोरलीकडचं, हे त्या गॅसची टाकी आणणाऱ्यालाही ऐकवत.

"आजी, माहेरचं नाव..."

"साठ वर्षं या नावाने मान घेतला. आता म्हातारपणी पोरीचं नाव लावून बाजारात बसू? अंबूला अक्कल असेल तर ओळखेल."

धारच्या, बाग-डहीसारख्या जवळच्या गावांच्या बायका साइटवर येऊ लागल्या. कोणाची मैत्रीण बडोद्यात सापडली, कोणाची ग्वाल्हेरला. भैयासाहेबांनी नोकरीचा विषय काढायचा सोडला. चहा झाला की कुसुमावती विचारत, "आलं का काही?" जसं काही दूधवाल्याबद्दलच विचारताहेत. काहीच आलेलं नसायचं. "अंबू पहिल्यापासून घमेंडखोर," असं म्हणून त्या आत जात.

माधवीनेही माहेरच्या नावाने नोंद केली होती. एका दुपारी तिचा फोन वाजला. धरमपुरीहून कोणीतरी एवढ्या जोरात ओरडलं की बाहेर रुमालांच्या घड्या घालणाऱ्या कुसुमावतींनाही ऐकू आलं. "रंजे! मेले, जिवंत आहेस होय!"

माधवी हसली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून, मग ओट्याला टेकून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पंचवीस वर्षं ही बाई या घरात वावरत होती. ती अशी हसते, हे कुसुमावतींना ठाऊक नव्हतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. माधवी दचकून फोन ठेवायला लागली.

"बोल तू," त्या म्हणाल्या. उतू चाललेल्या दुधाखालचा गॅस त्यांनी बंद केला आणि भाजीची कढई आपल्याकडे ओढली. "हे मी बघते, रंजना."

संध्याकाळी त्या रुचीच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. "ते पहिलं खोड. लिही, वेणू घोरपडे. धार, मुंज तलावाजवळची गल्ली. हसलीस तर थोबाडीन."

"नाही हसत," रुची म्हणाली. आणि खरंच हसली नाही.

होळीच्या आधी झाशीहून अंबूच्या सुनेचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी कुसुमावतींनी महेश्वरी साडी नेसली, माधवीकडून केस विंचरून घेतले आणि तिने धरलेल्या फोनसमोर फोटोला बसावं तशा बसल्या. पडद्यावर आधी नुसतं कपाळ दिसलं, मग चष्मा, मग एक बोळकं.

"कोण ती? वेणी का?"

"मग कोण? डोळे फुटले का तुझे?"

"अगं, तुझे दात कुठे गेले?"

"तुझे गेले तिकडेच."

बोल, बोल, अशा रुची हातानेच खुणा करत होती.

"तू माझ्या पाठवणीला आली नाहीस," अंबू म्हणाली.

"ताप होता."

"खोटारडी."

"माळ्यावर बसून रडत होते," कुसुमावती म्हणाल्या. "झालं समाधान?"

पलीकडे चष्मा निघाला, पदराने पुसला गेला, पुन्हा चढला. "बरं, सासरी नाव काय ठेवलं गं तुझं?"

कुसुमावतींनी तोंड उघडलं, मिटलं. मग फोन माधवीच्या हातातून घेऊन आणखी जवळ धरला.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या. "तुला कुठे लागणार आहे?"