डोहापर्यंतचा रस्ता

गोजरबाई अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती. लेकीचं, विमलचं, लग्न वैशाखात धरलं होतं आणि घरात त्याचीच लगबग होती. दुपारी दारात जीप थांबली. मंठ्याचे अप्पाराव, विमलचे होणारे सासरे, खाली उतरले. गोजरबाईचे मालक कारभारी यांनी घाईने सतरंजी अंथरली.

शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या वळणावर हे गाव. कारभारींचं शेत काठाला भिडलेलं आणि त्याखाली मोठा डोह. उन्हाळ्यात नदी आटली तरी डोह आटत नसे. मासे तिथेच तग धरत आणि पावसाळ्यात नदीभर पसरत. भोवतीच्या वाळूत भोयांची काही घरं टरबुजांच्या वाड्या लावत. गावच्या विहिरींना पाणी होतं तेही या वाळूने धरून ठेवलेलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही पुढचं घडलं, म्हणून ही गोष्ट सांगावी लागते आहे.

चहा झाल्यावर अप्पाराव म्हणाले, "पाव्हणं, आपल्याला हुंडा बिलकुल नको. फक्त तुमच्या बांधावरून नदीत उतरायला रस्ता द्या. मोठ्या सडकेचं काम चालू हाय, वाळू कमी पडून राह्यली. माझे ट्रक डोहापर्यंत गेले पायजेत."

"डोहातली वाळू काढायची?" कारभारींनी विचारलं.

"मंग? खरी वाळू तिथंच हाय. गावाचाबी विकास होईल."

दाराआडून गोजरबाईने डोळ्यांनी खुणावलं. पोरीचं वय वाढत होतं, अप्पारावांचा वसंता शिकलेला होता. कारभारींनी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की असा व्याही मिळायला नशीब लागतं. त्याने हुंड्याऐवजी नदीच मागून घेतली, हे ज्यांना कळलं त्यांनीही तोंड उघडलं नाही.

लग्नाआधीच ट्रक सुरू झाले. डोहात यंत्र उतरलं. वाड्यांवरून ट्रॅक्टर गेले आणि हिरवी टरबुजं चाकाखाली चिरडली. भोयांपैकी कांताबाई पारावर आली. लहानपणी विमलला पोहायला तिनेच शिकवलं होतं.

"आमच्या वाड्या गेल्या, जाऊ द्या," ती म्हणाली. "पण डोह नका खोदू. मासोळी ऱ्हाईल कुठं?"

"भोयांनी आता आम्हाला शिकवायचं का?" उपसरपंच भुजंग गुरकावला. "गावाला काम लागलंय. आडवी आलीस तर बिऱ्हाडं उचलून नदीत फेकीन."

पारावरचे लोक हसले. त्यांत देवळात रोज आरती करणारे होते, शाळेत पोरांना शिकवणारेही होते.

काही दिवसांतच विहिरींना दोर पुरेनासे झाले. विमलने बापाला शेतात गाठलं.

"आबा, घराला वाळू लागती, सडकेला लागती, मी कुठं न्हाई म्हणते? पूर दरसाल वरच्या अंगाला वाळू आणून टाकतो, ती न्या की. डोह कशाला पोखरायचा? पाऊसबी आता पहिल्यासारखा राह्यला न्हाई. एकदा आटला तर भरायचा कशानं?"

भाकरी घेऊन आलेल्या गोजरबाईने ते ऐकलं. "लग्न मोडायचंय का तुला? गप घरी चल."

कारभारी भाकरी न खाताच उठले.

चैत्रात अवकाळी पाऊस झाला आणि नदीला गढूळ पाणी आलं. कांताबाई जाळं काढायला उतरली. जिथून ती जन्मभर गुडघाभर पाण्यातून चालत आली होती, तिथे यंत्राने कोरलेला खड्डा होता. ती पट्टीची पोहणारी. पण पोखरलेली कड ढासळून तिच्या अंगावर आली. तिचं प्रेत दुसऱ्या दिवशी सापडलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी अप्पाराव लग्नाचं बोलायला आले. "नदी म्हटल्यावर माणसं बुडणारच," ते म्हणाले. "तारीख हलवायची न्हाई. ट्रकबी थांबायचे न्हाईत."

विमल बाहेर आली. "ह्यो रस्ता माझ्या लग्नापायी दिलाय ना? मंग मला ह्ये लग्न करायचं न्हाई."

अप्पारावांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कारभारी, तुमच्या घरात पोरी बोलतात व्हय?"

"बोलतात," कारभारी म्हणाले. "अन् ती बोलली ते बराबर हाय. तुमचे ट्रक उद्यापासून माझ्या बांधावर नकोत."

वसंता हे सगळं ऐकत जीपमध्ये बसून होता. तो खाली उतरला नाही.

त्याच दिवशी बापलेकींनी बाभळीच्या काट्या ओढून रस्ता बुजवला. गाव खवळलं. भुजंगने दुकानदारांना तंबी दिली. मजुरांनी कारभारींचं शेत सोडलं. पोरगी बदफैली असेल म्हणूनच लग्न मोडलं, असं बाया पाणवठ्यावर बोलू लागल्या. गिरणीवाल्याने गोजरबाईचं दळण तसंच परत केलं. ती घरी आली ती लेकीला वाटेल ते बोलली. मग अडगळीतलं जातं ओढून एकटीच दळत बसली. विमल समोर बसली आणि तिने खुंट्याला हात लावला. गोजरबाईने तो झिडकारला नाही. पण ती लेकीशी बोललीही नाही.

डोह वाचला नाही. पलीकडच्या काठावरच्या एका बापालाही उपवर मुलगी होती, आणि त्याच्याही बांधावरून नदीत उतरता येत होतं. वैशाखातच वसंताचं लग्न लागलं. कारभारींचं घर सोडून सगळं गाव ट्रॅक्टर भरून तिकडे गेलं. मुलाच्या बापाने हुंडा घेतला नाही, याचं पंगतीत फार कौतुक झालं. गोदावरीच्या काठावरच्या त्या मांडवात हात धुवायला टँकरचं पाणी आणलेलं होतं.

त्या दिवशी विमल कांताबाईच्या नवऱ्याला घेऊन डोहाच्या उपशाची तक्रार द्यायला तहसील कचेरीत गेली होती. साहेब लग्नाला गेल्याचं शिपायाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. अजूनही ती जातच आहे.

वाचकहो, अशा लग्नाचं आमंत्रण आज ना उद्या तुम्हालाही येईल. अक्षता टाकण्याआधी मुलाच्या बापाला एवढं विचारा: हुंडा घेतला नाहीत, मग काय घेतलंत?