आतली चीर

फुटपाथच्या कडेवर चाक आपटलं त्या दिवसापासून तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. नवरा मात्र येईल त्याला रंगवून सांगत होता, "आमच्या बाईसाहेबांनी फुटपाथला सलामी दिली." ती हसण्यावारी न्यायची, पण किल्लीकडे हात जायचा नाही.

आज गॅरेजवाल्याने टायर उतरवला, रिम पुसली आणि उजेडात धरली. रिमला आलेला बाक ठोकून सरळ झाला असता, पण आतल्या बाजूला बोटभर चीर निघाली. "ही आता भंगारातच," तो म्हणाला.

"वेल्डिंग मारून द्या की," नवरा घाईने म्हणाला. "भंगारात कशाला?"

"मारीन, पण वेगात तुटली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि ही चीर फुटपाथची नाही, साहेब. आत काळा मळ बसलाय बघा. ताजी असती तर चकाकली असती. ही बऱ्याच आधी कुठेतरी जोरात आपटलीय."

बऱ्याच आधी गाडी एकटा नवराच चालवायचा. ती तर आत्ता आत्ता शिकली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते आणि तो भिंतीवर टांगलेली हत्यारं मन लावून बघत होता. इतक्या दिवसांचं सगळं तिच्या ओठांवर आलं, पण तो चेहरा बघून तिने ते गिळलं.

"भंगारातच टाका," ती म्हणाली. "नवी बसवा."

चाक बसल्यावर तिने नवऱ्यापुढे हात पसरला. त्याने किल्ली दिली आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसला. पहिल्याच वळणावर त्याचा पाय सवयीने खाली दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता.