मला संध्याकाळ मिळाली नाही

मी सोयाबीनचा दाणा. माझ्यावर खोटेपणाचा आळ आला आहे, आणि माझी बाजू घेणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून स्वतःच बोलतोय.

माझा जन्म चीनच्या दक्षिणेकडे, हूनानमधला. आमच्या घराण्याची एकच शिकवण: दिवस आखडू लागला, अंधार लांबला, की फुलायचं, तोवर नुसतं वाढायचं. ऊन-पाऊस आम्हाला पोसतात, पण फुलण्याची वेळ आम्ही रात्रीलाच विचारतो.

आम्हाला पिकवणाऱ्या घरची लेक च्युलान लग्न होऊन दूर उत्तरेला, हेलोंगजियांगला निघाली, तेव्हा तिच्या आईने आम्हाला फडक्यात बांधून दिलं. उत्तरेत घरोघरी सोयाबीन उकडून, आंबवून त्याचं खारं वाटण रांजणात भरतात. वाटण साधलं की सून घरची झाली.

सासूबाईंनी घरामागची काळीभोर पट्टी दाखवली. "ही तुझी. यंदाचा रांजण तुझ्या माहेरच्या दाण्याचा. बघू या."

"बघाच तुम्ही! आमच्या दाण्यापुढे इथले दाणे म्हणजे खडे."

तिचं ते बोलणं ऐकून मी मातीत फुगलो.

माती गार होती, म्हणून उगवायला उशीर झाला. पण पुढे ऊब मिळाली, पाऊस वेळेवर आला, मुळांना गाठी धरल्या. शेजारची रोपं गुडघ्याएवढी होऊन फुलली, तेव्हा मी च्युलानच्या कमरेला लागलो होतो. तिथला उन्हाळी दिवस मावळता मावळेना. मी अंधाराची वाट पाहत पानामागून पान काढत राहिलो.

कुंपणापलीकडून तांगकाकू ओरडल्या, "सूनबाई, सोयाबीन लावलंस की बांबू?"

"दृष्ट लावू नका, काकू!"

सासूबाई हसल्या. मीही माझ्या उंचीवर भुललो.

रात्र लांबली तेव्हा शेजारच्या शेंगा भरून पिवळ्या पडत होत्या. मी घाईघाईने फुललो, शेंगा धरल्या. त्या चपट्याच होत्या. अजून थोडे उबदार दिवस हवे होते. एका पहाटे हिव पडून सगळं रान पांढरं झालं. ऊन वर आलं तसा माझा पाला उकडल्यासारखा काळा पडून लोंबू लागला.

सासूबाईंनी एक शेंग दाबली. आतून पाणी आलं.

"रांजण धुऊन ठेवला होता गं मी," एवढंच त्या म्हणाल्या.

च्युलानचा चेहरा लाल झाला. "बीच खोटं निघालं! आईने उरलंसुरलं बांधून दिलं मला."

हिवाने मारलं, त्याचा राग नाही. ते त्याच्या मुलखात, त्याच्या वेळेला आलं. पण ती माउली सूप मांडीवर घेऊन एकेक दाणा पारखत बसली होती, आणि हे च्युलानने समोर बसून पाहिलं होतं.

आता मी चुलीशेजारी वाळून पडलोय. काल तिच्या आईचा फोन आला.

"रांजण भरला का गं?"

च्युलानने सासूबाई बाहेर आहेत ना, हे पाहून घेतलं. "काठोकाठ, आई."

"बघ, मी म्हटलं नव्हतं? पुढच्या वर्षीचंही निवडायला घेते."

वाचकहो, मी तर आज-उद्या चुलीत जाईन. पण तिकडे माझी भावंडं सुपात पडली असतील. कोणीतरी त्या माउलीला खरं सांगा: तुझं बी खोटं नव्हतं. आणि आता पाठवू नकोस.