पायमशीनवरचं चालणं

मास्तर चालण्यात गटात पहिले आले म्हणे! गट चालवणाऱ्या ताईंनी मोबाईलवर सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि आमचे हे शिंपीबुवा नवरदेवासारखे लाजले. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, साखर अशीच राहिली तर पाय गमावून बसाल. म्हणून तर मधुमेह्यांच्या या ऑनलाइन गटात मीच त्यांना घातलं. रोज संध्याकाळी ताई कॅमेऱ्यावर सगळ्यांचे तळपाय बघतात, मग जो तो आपापल्या गल्लीत चालतो आणि खिशातला मोबाईल पावलं मोजतो. यांचा कॅमेरा म्हणे बिघडलाय.

पण हा माणूस चालतो तरी कधी? चालायला आणलेले बूट अजून खोक्यातच! मला बसवेना. दुकानात आत-बाहेर केलं, इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या उगाच मोडून पुन्हा घातल्या.

शेवटी मीच शिलाई मशीनखाली वाकले. कापडाच्या पट्टीने मोबाईल नडगीला बांधलेला आणि अनवाणी पाय पायडलवर खटखट चाललेले!

"अहो, हे काय?"

"पाय हलतायत ना? मोबाईल त्यालाच चालणं म्हणतो. शिवणही होतं, चालणंही होतं."

"कप्पाळ माझं! मोबाईलला फसवाल, साखरेला कसं फसवाल?"

तेवढ्यात ताईंचा कॉल आला. मी मोबाईल सोडवून घेतला, कॅमेरा चालू केला. बरा धडधाकट होता! सगळं भडाभडा सांगून टाकलं. गटातली माणसं खो खो हसली. ताई हसल्या नाहीत.

"काका, आधी तळपाय दाखवा."

मी त्यांचा पाय वर धरला. अंगठ्याखाली टाचणी घुसली होती, पार तिच्या डोक्यापर्यंत. भोवती लालभडक सूज.

"ओढू नका, पाय टेकवू देऊ नका, लगेच दवाखान्यात न्या," ताई म्हणाल्या. गटातले एक निवृत्त ड्रायव्हर मागच्याच गल्लीत राहायचे. ते म्हणाले, "वहिनी, मी गाडी काढतो."

दवाखान्यात नर्सबाईंनी चिमट्याने टाचणी उपसली आणि ट्रेमध्ये टाकली. मास्तर दात आवळून छताकडे बघत पडले होते. जरा वेळाने म्हणाले,

"बाई, काढायच्या आधी सांगा हं. दुखेल."